०.३० हा आकडा वाचण्याआधी: सैन्यभरतीची अभियोग्यता चाचणी कशी तपासावी

प्रश्न थोडक्यात असा आहे. प्रश्नकर्त्यांच्या हाती सैन्यभरतीच्या एका लेखी अभियोग्यता चाचणीचा मूल्यमापन अहवाल आला आहे. चाचणीचे गुण आणि प्रशिक्षणाच्या शेवटचे गुण यांचा सहसंबंध (दोन्ही किती जोडीने वाढतात-घटतात ते सांगणारा आकडा, पूर्ण जुळले तर १) त्यात ०.३० दिला आहे. त्याचा वर्ग ०.०९. ‘म्हणजे प्रशिक्षणातल्या फरकांपैकी जेमतेम ९ टक्के ही चाचणी सांगते, उरलेले ९१ टक्के अंधारात. अशा चाचणीवर पोरांचं भवितव्य ठरवायचं का?’ असं त्यांनी विचारलं आहे. शिवाय, कटऑफच्या दोन गुण खाली राहिलेला उमेदवार खरंच अपात्र मानायचा का, हेही.

मी गेली बावीस वर्षं निवड-चाचण्या बांधते आणि इतरांनी बांधलेल्या तपासते. दोन्ही प्रश्न रास्त आहेत. पण पहिल्या प्रश्नात ०.३० वरून जो निष्कर्ष काढलाय तो निघत नाही, आणि दुसऱ्या प्रश्नाचा त्या ०.३० शी फारसा संबंधच नाही.

आधी खरा प्रश्न नीट मांडू. ‘चाचणी चांगली आहे का?’ हा अर्धाच प्रश्न झाला. कुठल्या निर्णयासाठी, कुणामधून निवडताना आणि कशाला यश म्हणून, हे तीन तुकडे जोडल्याशिवाय त्याला उत्तर नाही. तीच चाचणी रडार दुरुस्तीच्या तुकडीसाठी माणसं निवडायला उत्तम असेल, आणि पहिल्या वर्षात कोण सोडून जाईल हे ओळखायला जवळजवळ निकामी. त्यामुळे तुमच्या अहवालावर मी इथून शिक्का मारू शकत नाही. मी असा अहवाल कसा वाचते ते मात्र सांगते.

पहिली गोष्ट, त्या ०.३० मध्ये कोण कोण आहे ते पाहा. प्रशिक्षणाचे गुण फक्त भरती झालेल्यांचे असतात. जो चाचणीत नापास झाला तो घरी गेला. तो प्रशिक्षणात कसा ठरला असता, याची नोंद कुठेच नाही.

एक प्रयोग करून बघा. कागदावर आडव्या अक्षावर चाचणीचे गुण आणि उभ्या अक्षावर प्रशिक्षणाचे गुण घ्या. डावीकडून उजवीकडे चढत जाणाऱ्या लांबट ढगासारखे शंभरेक ठिपके काढा. आता डावीकडचा दोन तृतीयांश भाग तळहाताने झाका. उरलेल्या तुकड्यात चढ फारसा दिसत नाही, ठिपक्यांचा गोलसर पुंजका दिसतो. चढ नाहीसा झालेला नाही, तो तुमच्या हाताखाली आहे. निवड झालेल्यांवर काढलेला प्रत्येक सहसंबंध हा असा हात ठेवून काढलेला असतो.

याचं गणितही अवघड नाही. समजा, चाचणी दिलेल्या सगळ्यांच्या गुणांचं प्रमाण विचलन, म्हणजे सरासरीभोवतीचा पसारा, १० आहे आणि भरती झालेल्यांचं ६. चाळणीतून एकसारखी माणसंच खाली आल्यामुळे पसारा आकसला. या दोन आकड्यांवरून दुरुस्ती केली की तुमचा ०.३० सुमारे ०.४६ होतो. विचलन १० वरून ९ वरच आलं असेल, तर तो ०.३० च्या आसपासच राहतो. म्हणून हे दोन आकडे अहवालात नसतील तर नुसत्या ०.३० ला ना चांगलं म्हणता येतं, ना वाईट.

यात एक सावधगिरी हवी. ही दुरुस्ती काही गृहीतकांवर उभी आहे: संबंध सरळ रेषेत आहे, रेषेभोवती ठिपक्यांचं विखुरलेपण सगळीकडे सारखं आहे आणि निवड याच चाचणीवर झाली आहे. धावण्याची परीक्षा, वैद्यकीय तपासणी, मुलाखत अशा गाळण्या मध्ये असतील तर हे साधं सूत्र पुरत नाही. दुरुस्तीमुळे आकडा नेहमी फुगतो, आणि चाचणी विकणाऱ्याला फुगलेला आकडाच आवडतो. मूळ आकडा न देता फक्त दुरुस्त आकडा छापलेला अहवाल मी वाचायला न घेता परत पाठवते.

हाताखालचे ठिपके एकदा मात्र चुकून उघडे पडले होते, आणि या विषयात पडलेल्या प्रत्येकाने तो प्रसंग समजून घ्यायला हवा. अमेरिकी सैन्याची ॲस्वॅब ही चाचणी १९६८ मध्ये आली आणि १९७६ पासून सर्व दलांनी भरतीसाठी ती एकच चाचणी घेतली. त्याच वर्षी जानेवारीत तिचे नवे संच वापरात आले. कच्च्या गुणांचं पर्सेंटाइलमध्ये (म्हणजे संदर्भगटातल्या किती टक्क्यांच्या बरोबरीने किंवा पुढे, या पट्टीवर) रूपांतर करण्याच्या तक्त्यात चूक होती, त्यामुळे खालच्या टोकाच्या उमेदवारांना हक्कापेक्षा जास्त गुण मिळत राहिले. ऑक्टोबर १९८० मध्ये दुरुस्त संच येईपर्यंत हे चाललं. तोवर तीन लाखांहून अधिक असे लोक भरती झाले होते, जे योग्य तक्त्यानुसार दारातूनच परत गेले असते. १९७९ च्या भरतीत चौथ्या, म्हणजे स्वीकारार्ह गटांपैकी सर्वांत खालच्या गटातले जवान सुमारे ५ टक्के आहेत असं सगळे समजत होते, प्रत्यक्षात ते ३० टक्क्यांच्या आसपास होते.

प्रशासनासाठी ही नामुष्की होती. चाचणी तपासणाऱ्यांना मात्र एरवी कधीच न मिळणारी माहिती हाती आली. ‘नापास’ लोक प्रत्यक्ष नोकरीत काय करतात ते नोंदींमध्ये होतं. या लोकांचा मागोवा घेतल्यावर दोन गोष्टी दिसल्या. कौशल्याच्या परीक्षांमध्ये त्यांची सरासरी इतरांपेक्षा खाली होती, म्हणजे चाचणी निरर्थक नव्हती. आणि त्यांच्यातल्या बहुसंख्यांनी प्रशिक्षण पूर्ण करून चालण्याजोगं काम केलं, म्हणजे कटऑफ ही दरी नव्हती, उतारावर मारलेली एक रेघ होती. प्रश्न सगळे ठीक होते, चूक तक्त्यात होती, हीसुद्धा विसरू नये अशी गोष्ट. आपण प्रश्नपत्रिका तपासत बसतो आणि गुणांचं रूपांतर कसं झालं ते कुणी विचारत नाही.

(त्याआधी, १९६६ ते १९७१ दरम्यान, संरक्षणमंत्री मॅकनामारा यांच्या ‘प्रोजेक्ट वन हंड्रेड थाउजंड’ मध्ये निकष मुद्दाम खाली आणून साडेतीन लाखांच्या आसपास माणसं घेतली गेली होती. त्यांचीही आकडेवारी अभ्यासली जाते. पण व्हिएतनामचं युद्ध चालू असताना झालेल्या त्या भरतीला नुसता ‘प्रयोग’ म्हणायला माझं मन धजत नाही.)

आता दुसरी बाजू. तुमच्या ०.३० च्या एका टोकाला चाचणी आहे, दुसऱ्या टोकाला काय आहे? ‘प्रशिक्षणाच्या शेवटचे गुण.’ ते कशाचे? लेखी परीक्षेचे असतील तर एका कागदावरून दुसऱ्या कागदाचा अंदाज बांधला गेला आहे, आणि तेवढं कुठलीही बरी चाचणी करते. प्रशिक्षकाने दिलेले असतील तर प्रशिक्षकाचा हात सैल की आखडता, आणि भरतीचे गुण त्याला आधीच माहीत होते का, हे विचारा. माहीत असतील तर तो आकडा बाद. मूल्यमापनाचे निम्मे अहवाल माझ्या मते इथेच गळपटतात: चाचणीवर महिनोन्‌महिने काम होतं आणि ‘यश’ म्हणजे रजिस्टरमध्ये जो आकडा सापडला तो.

या बाबतीत अमेरिकी भूदलाचा १९८० च्या दशकातला ‘प्रोजेक्ट ए’ अजूनही वाचण्याजोगा आहे. त्यांनी जवानाच्या कामगिरीला एकच आकडा द्यायचं टाळलं आणि तिचे पाच भाग केले: स्वतःच्या कामातलं तांत्रिक कौशल्य, सर्वसाधारण सैनिकी कौशल्य, मेहनत व नेतृत्व, वैयक्तिक शिस्त, आणि शारीरिक तंदुरुस्ती व सैनिकी रुबाब. मग प्रत्येक भागाशी चाचण्या ताडून पाहिल्या. बौद्धिक चाचण्यांचा दुरुस्त सहसंबंध तांत्रिक कौशल्याशी सुमारे ०.६३ आला, शिस्तीशी मात्र ०.१६. स्वभावाच्या प्रश्नावलीचं उलट झालं: तांत्रिक कौशल्याशी ०.२६, शिस्तीशी ०.३२. माणसं तीच आणि चाचण्याही त्याच होत्या. ‘चाचणी चालते का?’ याचं उत्तर फक्त कशाला यश म्हटलं यावरून बदललं.

सोडून जाण्याचंही तसंच. अमेरिकेत माध्यमिक शाळा पूर्ण करून पदविका मिळवलेले जवान पहिली मुदत पुरी करतात की नाही, याचा अंदाज चाचणीच्या गुणांपेक्षा त्या पदविकेवरून जास्त चांगला येतो, हे अनेक दशकं दिसत आलं आहे. कारण समजण्यासारखं आहे. कंटाळा, शिस्त, न आवडणारे शिक्षक, सगळं सहन करून जो एक गोष्ट शेवटास नेतो, तो दुसरीही नेतो. गणिताच्या पंचवीस प्रश्नांमध्ये हे मोजलं जात नाही. म्हणून तिथल्या भूदलाने २००९ पासून स्वभाव मोजणारी टॅपास ही चाचणी जोडीला घेतली. तिच्यात दोन सारखीच चांगली वाटणारी विधानं समोर ठेवून एक निवडायला लावतात, म्हणजे सगळीकडे ‘मी फार चांगला’ असं लिहिता येत नाही.

आता त्या ९ टक्क्यांकडे येऊ. सहसंबंधाचा वर्ग करून ‘इतकाच उपयोग’ म्हणणं ही सवय पाठ्यपुस्तकातून लागते आणि निवडीच्या कामात ती दिशाभूल करते. भरती करणाऱ्याला फरकांचं स्पष्टीकरण नको असतं, शंभर जागांवर किती माणसं टिकाऊ निघतील ते हवं असतं. समजा, चाचणी न घेता कुणालाही उचललं तर निम्मे यशस्वी होतात आणि चाचणीची वैधता, म्हणजे तिचा यशाशी सहसंबंध, ०.४० आहे. पाचांतून एकालाच घ्यायचं असेल, तर निवडलेल्यांतले सुमारे ७३ टक्के यशस्वी होतील. आता पाचांतून चौघांना घ्यावं लागत असेल, तर तीच चाचणी, तीच वैधता, आणि यशस्वी फक्त ५६ टक्के. जागा कमी आणि उमेदवार भरपूर असतात तिथे साधारण चाचणीही मोठं काम करते. उमेदवारच मिळत नसतील तर उत्तम चाचणीच्याही हाती फारसं काही राहत नाही. तेव्हा अहवाल वाचताना किती जणांतून किती घेतले, हे पहिल्या पानावर शोधा.

आता दोन गुणांनी राहिलेल्या उमेदवाराबद्दल. हा प्रश्न मला जास्त लागतो, कारण त्याच्या मागे नेहमी एक खरा मुलगा किंवा मुलगी असते. चाचणीचं प्रमाण विचलन १० आणि विश्वसनीयता (पुन्हा मोजलं तरी गुण किती सारखे येतात याचं माप) ०.९० धरू, आणि ०.९० ही विश्वसनीयता चांगलीच आहे. तरी एका माणसाच्या गुणांतली प्रमाण त्रुटी, म्हणजे मोजण्यातल्या चुकीमुळे गुण साधारण किती वर-खाली होतात ते, सुमारे ३.२ निघते. म्हणजे कटऑफ ५० असताना ४८ मिळवलेला आणि ५० मिळवलेला यांच्यात खरा फरक आहे, असं ही चाचणी छातीठोकपणे सांगूच शकत नाही. दुसऱ्या दिवशी, दुसऱ्या संचावर त्यांची जागा सहज बदलली असती. जागा मोजक्या असतील तर रेघ कुठेतरी मारावी लागते, हे मला मान्य आहे. पण त्या रेघेखालच्याला ‘अपात्र’ म्हणणं मोजमापाला धरून नाही. ‘या वेळी जागा पुरल्या नाहीत’ एवढंच खरं असतं.

यातून तपासण्याजोग्या दोन गोष्टी निघतात. एक, विश्वसनीयता सगळ्या गुणांवर मिळून किती, यापेक्षा कटऑफच्या आसपास त्रुटी किती, ते विचारा. पुष्कळ चाचण्या मधल्या पट्ट्यात नेमक्या मोजतात आणि कटऑफ नेमका जिथे आहे तिथे आंधळ्या असतात, कारण तिथल्या काठिण्याचे प्रश्न दोन-तीनच असतात. उमेदवाराच्या उत्तरांनुसार पुढचा प्रश्न निवडणारी संगणकीय चाचणी इथे कामाची ठरते, ॲस्वॅबने ती वाट १९९० च्या दशकात धरली. दोन, पुन्हा बसायची सोय आहे का? ॲस्वॅबला पहिल्या प्रयत्नानंतर एक महिन्याने, त्यानंतर आणखी एक महिन्याने आणि पुढे सहा महिन्यांनी बसता येतं. फेरचाचणीत सरावाने थोडे गुण वाढतात हे खरं, पण ज्या मोजमापात त्रुटी आहे हे आपल्यालाच माहीत आहे त्यावर एकाच सकाळी दार लावून घेणं मला पटत नाही.

प्रश्नांच्या पातळीवर उतरून पाहायला मात्र कुणी कंटाळू नये. माझ्या कामातली एक गोष्ट सांगते. एका भरतीत यांत्रिक आकलनाच्या चाचणीचे दोन संच होते, सकाळचा आणि दुपारचा. दुपारच्या बॅचचे गुण कमी आले आणि ‘दुपारची बॅच कच्ची’ असा शेरा मारून भरती करणारे मोकळे झाले. दोन्ही संचांत काही प्रश्न मुद्दाम सारखे ठेवलेले असतात, त्यांच्यावरूनच दोन संचांचे गुण एका पट्टीवर आणतात. मी ते सारखे प्रश्न एकेक करून पाहायला बसले. एका प्रश्नात दोन कप्प्या आणि त्यांच्यावरचा पट्टा दाखवला होता: डावी कप्पी घड्याळाच्या दिशेने फिरली तर उजवी कुठे फिरेल? सकाळच्या संचात तो सहज सुटला होता. दुपारच्या संचात चमत्कारिक चित्र होतं: एकूण गुण जास्त असलेलीच मुलं जास्त संख्येने चुकली होती. हुशार मुलं एकजात चुकतात तेव्हा मी आधी प्रश्नावर संशय घेते. छापील कागद मागवले. सकाळच्या चित्रात पट्टा मध्ये तिढा पडून आडवा गेलेला स्वच्छ दिसत होता. दुपारच्या छपाईत तिढ्याच्या जागची शाई उडाली होती आणि दोन समांतर रेषाच उरल्या होत्या. तिढ्याचा पट्टा असला की कप्प्या उलट फिरतात, सरळ असला की एकाच दिशेने. ज्यांनी समोरचं चित्र नीट पाहून विचार केला त्यांनी ‘एकाच दिशेने’ लिहिलं आणि त्यांचा गुण गेला. वर हाच प्रश्न दोन संच जोडणाऱ्या सामाईक प्रश्नांपैकी होता, त्यामुळे त्याची चूक दुपारच्या प्रत्येकाच्या अंतिम गुणात झिरपली. प्रश्न काढून टाकून गुण पुन्हा मोजले तेव्हा रेघेच्या अलीकडची कितीतरी नावं पलीकडे गेली. तो शेरा कायम राहिला असता तर ती मुलं आयुष्यभर स्वतःला कच्ची समजली असती, याने मी आजही अस्वस्थ होते.

तुलना कुणाशी केली आहे हेही पाहा. अमेरिकेत ॲस्वॅबमध्ये ३१ पर्सेंटाइल म्हणजे ३१ टक्के प्रश्न बरोबर नव्हेत. १९९७ मध्ये तपासलेल्या १८ ते २३ वयाच्या तरुणांच्या देशव्यापी नमुन्यापैकी ३१ टक्क्यांइतके किंवा त्यांहून जास्त गुण, असा त्याचा अर्थ. ही मानकं २००४ पासून लागू झाली, त्याआधीची १९८० च्या नमुन्यावर होती. संदर्भगट बदलला की त्याच उत्तरपत्रिकेचा पर्सेंटाइल बदलतो. तुमच्या अहवालात पर्सेंटाइल असतील आणि ते कुणाच्या तुलनेत, कुठल्या वर्षाचे हे नसेल, तर ते वाचताच येत नाहीत.

राहिला न्याय्यतेचा मुद्दा. पहिल्या महायुद्धात अमेरिकेने साक्षरांसाठी आर्मी अल्फा आणि निरक्षर किंवा इंग्रजी न येणाऱ्यांसाठी आर्मी बीटा अशा चाचण्या सुमारे १७ लाख लोकांना दिल्या. अल्फामध्ये बेसबॉल खेळाडू आणि बाजारातली उत्पादनं ओळखायला लावणारे प्रश्न होते. जे स्थलांतरित अमेरिकेत जास्त वर्षं राहिले त्यांचे गुण जास्त आले, म्हणजे चाचणी बऱ्याच अंशी त्या देशाशी झालेली ओळख मोजत होती. तरी कार्ल ब्रिगम या मानसशास्त्रज्ञांनी १९२३ मध्ये त्यावरून वंशांच्या बुद्धिमत्तेची उतरंड मांडली, आणि १९३० मध्ये स्वतःच ते निष्कर्ष मागे घेतले. तोवर त्यांचा व्हायचा तो गैरवापर होऊन गेला होता.

म्हणून दोन गटांच्या सरासरीत फरक दिसला की चाचणी पक्षपाती, असं मी लगेच म्हणत नाही आणि फरक नाही म्हणून निर्दोषही म्हणत नाही. मी दोन गोष्टी तपासते. सारखे गुण मिळवलेले दोन गटांतले लोक पुढे कामात सारखेच ठरतात का? एका गटातले लोक गुणांवरून वाटलं त्यापेक्षा सातत्याने चांगले निघत असतील, तर चाचणी त्यांच्यावर अन्याय करते आहे. आणि एकूण क्षमता सारखी असताना एखाद्या प्रश्नावरच एक गट अडतो का? तसं असेल तर बहुतेक वेळा दोष भाषेत सापडतो. गणिताच्या प्रश्नाचं वाक्य तीन ओळींचं आणि वळणावळणाचं असेल, तर त्यात गणित थोडं आणि वाचन फार मोजलं जातं. काम नकाशा आणि तोफेच्या कोनांचं असताना वाचनाच्या वेगावर कुणी गळत असेल, तर ती चाचणीची चूक आहे.

तेव्हा तुम्ही पुढे काय कराल? ज्यांनी अहवाल दिला त्यांना पत्र लिहून एवढं मागा: अर्जदारांचं आणि भरती झालेल्यांचं, दोन्ही प्रमाण विचलनं, किती जणांतून किती घेतले, प्रशिक्षणाचे गुण कुणी, कशावर आणि भरतीचे गुण माहीत असताना दिले की नसताना, कटऑफजवळची मापनत्रुटी, संच एका पट्टीवर कसे आणले, मानकांचा गट आणि वर्ष, आणि मधेच सोडून गेलेल्यांना हिशेबात धरलं की वगळलं. हा शेवटचा प्रश्न किरकोळ वाटेल, पण तळहाताने झाकलेल्या ठिपक्यांमध्ये तेही असतात. ०.३० बऱ्यापैकी मोठा आहे की खरोखर लहान, हे पहिल्या दोन उत्तरांवरूनच पुष्कळसं कळेल. उत्तरं हाती आली की आकडे इथे टाका, दुरुस्तीचं गणित मी ओळीने करून दाखवते.